शिडाला वारं जायला वाट

चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "तात्या, ते शिडाचं सांगा की." का सांगू? तुमच्या घरी पिठलं करपलं तर मी इचारायला येतो का? पण मी न्हाय सांगितलं तर तुमी मनचं रचून सांगता, आन त्यात मी बोटीतनं पाण्यात पडतो. मी पडलो न्हाय. तेवढं तरी नीट कळावं म्हणून सांगतो.

माझं दुकान ताडपत्रीचं. मांडवाच्या कनाती, ट्रकची झाकणं, फ्लेक्स बांधून देणं, सगळं करतो. शाळा चौथीत सुटली, पण माझी शिवण उसवली म्हणणारा सोलापुरात अजून जन्मायचाय.

माझे व्याही दिगंबरराव, बार्शीचे. सगळी नोकरी मालाच्या जहाजावर केली. रिटायर झाल्यावर माणूस गप बसंल का? उजनीच्या पाण्यात फिरायला शिडाची बोट बांधली. आत झोपायला फळी, चहाला स्टोव्ह. आठ-आठ दिवस पाण्यावरच मुक्काम करायचा म्हणं. घरात पंखा हाय, गरम भाकरी हाय, तरी.

बोटीचं पुढचं शीड ते मुंबईहून मागवणार हुते. मी म्हणालो, "घरात कारागीर असताना मुंबई कशाला?"

"तात्या, तुम्ही तंबूवाले. शीड म्हणजे तंबू नव्हे."

बघा. सगळ्यांच्या देखत, तेबी माझ्या पोरीच्या सासरी. मी म्हणालो, "शीड मीच शिवणार. आन काठावर सगळ्यांसमोर तुमी मला कारागीर म्हणणार."

"म्हणेन की. आधी बेत तर समजून घ्या."

मग कागदावर त्रिकोण काढत बसले. लांबरुंद बेतलं तर वारं जास्त धरतं, पण समोरचं सगळं झाकतं. "आमची मुक्कामाची बोट, घाई कुणाला? खालची कड उंच बेता, शिडाखालून समोरचं दिसलं पाहिजे. आणि मधे थोडं पोट ठेवा."

मला पोटाचं पटलं न्हाय. मांडवाला पोट आलं की त्यात पाणी साचतं आन ते नेमकं नवरदेवावर फुटतं. पण म्हटलं, देऊ पोट.

निघताना म्हणाले, "आणि तात्या, उजनीवर वारं लई असतं. फाटता कामा नये."

हितंच घात झाला.

वाऱ्यानं कापड फाटू न्हाय म्हणून आमच्याकडं काय करतात? शेंबडं पोरगंबी सांगंल. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्याला अर्ध्या चंद्रासारख्या चिरा देतात. वारं आरपार जातं, फ्लेक्स टिकतो. कित्येक भावी नगरसेवकांच्या गालाला मी सोता चिरा दिल्यात. एक तरी फाटला का? निवडणुकीत पडले, ते वेगळं.

शिडालाबी झकास चिरा दिल्या. कडंनं दुहेरी शिवण, एक दोरा सुटायचा न्हाय. दिगंबरराव बघायला येतो म्हणाले. मी सांगितलं, माल आता पाण्यावरच बघा.

त्या दिवशी काठावर सगळे पाहुणे. व्याहीणबाईंनी नारळ फोडला. दिगंबररावांनी दुसरं शीड गुंडाळून ठेवलं. "आधी तात्यांचं एकटंच बघू," म्हणाले. आमी दोघं बोटीत बसलो, बोट काठापासनं ढकलली, दोर ओढला, शीड वर चढलं. वारं असं, की बायकांना पदर आवरंना. शीड फडफडलं, चिरांतनं शिट्ट्या वाजल्या. बोट पुढं जाईना.

मी छाती काढून म्हणालो, "बघा, कुटं फाटलंय का?"

"तात्या, ही भोकं कसली?"

"वारं जायला."

"कुठं जायला?"

"पलीकडं."

"मग बोटीला काय राहिलं?"

ह्याचा मी इचार केला न्हवता. मी म्हणालो, "फाटता कामा न्हाय, असं तुमीच म्हणालता."

तवर बोट हलली, पण आडवी. सरकत सरकत पाण्यातल्या बाभळीत जाऊन बसली. एका मासे धरणाऱ्यानं आपल्या होडीला दोर बांधून आमाला ओढत आणलं. शिडाकडं बघत इचारतो कसा, "आजोबा, वाढदिवस कुणाचा हाय?"

काठावर उतरलो. दिगंबररावांनी शब्द पाळला. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "कारागीर खरे तुम्ही. इतकी मजबूत भोकं मी उभ्या जन्मात बघितली नाहीत." पाहुणे असे हसले की खोबरं कुणाच्या नरड्याखाली उतरंना.

येताना जीपमधी माझी बायको शालन हळूच म्हणाली, "मला वाटलंच हुतं." दुकानात कडा शिवायला तीच बसती. "चिरांच्या कडा शिवतानाच मनात आलं, ह्यातनं सगळं वारं निघून जाणार."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, तुमाला म्हाईत असंल."

आता तुमीच सांगा. आख्ख्या संसारात ह्या बाईला एकदा तरी वाटलं का, की मला काय म्हाईत असंल? नेमकं त्याच दिवशी वाटायचं हुतं? दिगंबररावांचं आन माझं कवाच मिटलंय. माफी मागायची राहिलीय ती शालननं.