गटाराच्या तोंडाशी जाळं

गटारात मासे धरणारा माणूस बघायचा असेल तर मे महिन्यात हाटकेशला जा, असं मीरा रोड स्टेशनबाहेरचे रिक्षावाले गमतीने सांगत, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. एक उंच, काळा, पांढऱ्या मिशांचा माणूस रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलेला असायचा. गटाराचं लोखंडी झाकण बाजूला सारून आत हात घालायचा आणि दोरीने जाळ्याची एक फुगलेली पिशवी वर ओढायचा. तिच्या शेपटाची गाठ सोडली की खडी, डांबराच्या खपल्या, सिमेंटचे गोळे आणि वाळू धबाधबा बाहेर पडायची. मासा तेवढा नसायचा.

हा रामनाथ. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातला. बाप असेपर्यंत घरी होडी होती. खाडीच्या तोंडाशी खुंट ठोकून डोलीचं जाळं लावायचं. डोल म्हणजे लांबच लांब पिशवी. तोंडात हत्ती मावेल, शेपटाकडे वीण इतकी बारीक की जवळ्यासारखी इवलीशी कोळंबीसुद्धा निसटणार नाही. ओहोटीचं पाणी आपल्या पायाने जाळ्यात शिरायचं आणि मासळी मागे ठेवून निघून जायचं. पुढे बाप गेला, खाडीतली मासळीही कमी होत गेली आणि होडी विकावी लागली. रामनाथने मग वॉचमनकी केली, टेम्पोवर हमाली केली आणि शेवटी रस्ते करणाऱ्या एका ठेकेदाराच्या टोळीत लागला. तिथे त्याच्याकडे गटारं आली. कोणालाच नको असलेलं काम नव्या माणसाला मिळतं, तसं.

काम सांगायला सोपं, गटारात खडी जाऊ द्यायची नाही. डांबर टाकण्याआधी यंत्राने जुना रस्ता खरवडतात. त्याचा निघालेला माल ट्रकमध्ये जातो, पण उरतं ते झाडूवाल्यांच्या हातात येतं. आणि भर उन्हात झाडणाऱ्या माणसाला गटाराइतकी जवळची कचराकुंडी दुसरी कुठली? एक फटकारा मारला की रस्ता चकाचक. ती खडी आत जाऊन बसते आणि पावसाळ्यात पाणी वर येऊन तिची चौकशी करतं.

ठेकेदाराचा साइटवरचा इंजिनीअर यतीन. पोरगा तसा भला, फोनवर जरा जास्त. त्याने गटारांच्या तोंडांवर प्लॅस्टिक अंथरायला सांगितलं होतं. पण गाड्यांच्या वाऱ्याने प्लॅस्टिक उडायचं, नाहीतर गाईच्या पोटात जायचं. ते बघून रामनाथला घरच्या पोटमाळ्यावर पडलेलं जाळं आठवलं. शेपटाकडच्या बारीक विणीच्या पिशव्या कापून त्या झाकणाखाली टांगल्या तर? पाणी जाईल, खडा राहील.

बायको सत्यवती जाळं कापायला बसली खरी, पण तोंड बंद ठेवून नव्हे.

"होडी इकली. आता बापाचं जालं गटारान घालाचं तेवरं राह्यलं व्हतं."

"पोटमाल्यावर उंदरं खातान त्यापेक्षा बरं," रामनाथ म्हणाला.

"उंदरांना चव तरी कलते," ती म्हणाली आणि तरीही प्रत्येक पिशवीच्या काठाला दुहेरी दोरी ओवून दिली.

पिशव्या चालल्या, आणि अशा चालल्या की टोळीतल्यांना रोजची करमणूक झाली. रोलर चालवणारा ईश्वर वरून ओरडायचा, "चाचा, आज पापलेट मिला क्या?" रामनाथ न बघता म्हणायचा, "तेरे लिए बोंबील रखा है, नीचे आ." त्या पिशव्यांतून काय काय निघालं. चपला निघाल्या, क्रिकेटचे चेंडू निघाले, लग्नाच्या पत्रिकांचा अख्खा गठ्ठा निघाला. एकदा तर दातांची कवळी आली. ती धुऊन रामनाथने रस्त्याकडेच्या बाकड्यावर ठेवली, तर समोरच्या बिल्डिंगमधले पहिल्या मजल्यावरचे पंढरीनाथ जोशी खाली आले, कवळी निरखून पाहिली आणि म्हणाले, "माझीच आहे, पण मी हिला ओळख दाखवणार नाही. गॅलरीत शिंकलो तेव्हा गेली होती. आता नवी केली." आणि खरोखर तिला तिथेच ठेवून वर गेले. पुढे कितीतरी दिवस ती बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हसत होती.

पण काम चाललेल्या त्या गल्लीत एक माणूस या सगळ्याला हसत नव्हता. शेवंती. गल्लीच्या अगदी सखल टोकाला तिची पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर परळची खोली सोडून ती इकडे आली होती, आणि गिरणी म्हणजे तिचा नवरा, पोर, पेन्शन, सगळं एकच होतं. आदल्या वर्षी शेजारच्या रस्त्याचं काम झालं. खडी गटारात गेली. पावसात गटार तुंबलं आणि पाणी गिरणीत शिरलं. मोटर जळली ते एक वेळ ठीक, पण लोकांचे दळणाचे डबे भिजले. भिजलेला गहू फुगतो, आंबतो आणि गिऱ्हाईक तुटतं. निम्मी गिऱ्हाइकं तयार आट्याच्या पिशव्यांकडे वळली ती वळलीच. शेवंतीने ठरवून टाकलं होतं, यंदा पाणी आत आलं तर शटर खाली ओढायचं आणि गावी भावाच्या दारात जाऊन बसायचं. हे ती कोणाला रडून सांगत नव्हती. गव्हाचा भाव सांगावा तसं सांगायची.

रामनाथने पहिल्यांदा पिशवी टांगली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"भाऊ, हे सगळं मला फोटोपुरतं वाटतंय."

"फोटो काढायला माझ्याकडं साधा फोनपन न्हाय, बाय," रामनाथ म्हणाला. खाडीच्या माणसाला अहो-जाहो जमत नाही. "तू बिनघोर ऱ्हा. या वर्षी तुझ्या गिरनीत पानी येनार न्हाय. माझा शब्द."

शब्द फार मोठा होता. पण देताना तो मोठा वाटत नाही, हे कोणाच्या बाबतीत खोटं आहे?

आणि मग ती गंमत झाली, जिला गंमत म्हणायला नंतर बरेच दिवस लागले.

डोलीच्या जाळ्याचं शेपूट कोळी एका खास गाठीने बांधतो. पाण्यात ती घट्ट बसते आणि होडीत घेतलं की एका हिसक्याला सुटते. मासळीच्या ओझ्यासकट गाठ सोडत बसायला होडीत वेळ कोणाला? रामनाथच्या बोटांना लहानपणापासून तेवढीच गाठ ठाऊक. गटारातल्या पिशव्यांची शेपटंही त्याने त्याच गाठीने बांधली होती. पिशवी वर घ्यायची, हिसका द्यायचा, मोकळी. पण खाडीत पाणी जाळ्याला आडवं ताणून धरतं. गटारात पिशवी सरळ खाली लोंबते, सगळं ओझं गाठीवर. दर थोड्या वेळाने रिकामी होत होती तोवर निभावलं. ज्या दिवशी खरवडणारं यंत्र गल्लीच्या सखल टोकाला आलं, त्या दिवशी ते न थांबता चालत राहिलं, पिशव्या काठोकाठ भरल्या आणि जमीन पायाखाली गुणगुणत होती.

यंत्र गेल्यावर रामनाथने गिरणीसमोरचं झाकण उचललं. दोरी ओढली. पिशवी हलकी आली. इतकी हलकी की आधी त्याला बरंच वाटलं, इकडे माल कमी पडला म्हणून. मग शेपूट दिसलं, लोंबतं, उघडं. त्याने खाली वाकून पाहिलं. खडी आत ढिगाने बसली होती. पुढचं झाकण उचललं, तिथेही तेच. त्यापुढचं उचलायची गरज नव्हती, तरी त्याने उचललं.

तो तिथेच काठावर बसून राहिला. समुद्रात जाळं रिकामं आलं तर नुकसान आपलं असतं. माणूस नशिबाला चार शिव्या घालतो आणि घरी जातो. इथे रिकाम्या जाळ्याचं नुकसान गिरणीत बसलं होतं, आणि तिला अजून पत्ताही नव्हता. झाकणं लागली, वर डांबर फिरलं की कोणाला काही दिसणार नव्हतं. पाऊस आला की लोक पावसाला बोलतील. सगळं फारच सोयीचं होतं.

त्याने यतीनला गाठलं. यतीनने फोन खाली घेतला, गटारात बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, डांबराचा गरम माल निघालाय. डंपर वाटेत आहे. थंड झाला तर फेकावा लागेल. राहू दे ना, नालेसफाईवाले येतीलच की."

"नालेसफाई नाल्याची. ही मधली मोरी कोन बघनार?"

"मग मी काय करू? सांगा तुम्हीच."

रामनाथने झाकण तसंच उघडं ठेवलं. तो गिरणीत गेला. पट्टा फिरत होता, शेवंतीच्या भुवयांवर पीठ होतं.

"बाय, खडी आत गेली."

तिला गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्याला ते पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं. तिने बटण बंद केलं. जातं फिरत फिरत थांबलं तेव्हा तिने विचारलं,

"झाडूवाल्यांनी टाकली?"

"न्हाय. पिशव्या सुटल्या. गाठ माझीच."

"दाखवा."

त्याने दोरी घेऊन गाठ मारली आणि हिसका दिला. ती सुटली. शेवंतीने ती पुन्हा मारायला लावली आणि स्वतः हिसका दिला.

"असली गाठ मी पिठाच्या पोत्याला मारली असती तर स्टेशनपर्यंत रांगोळी पडली असती," ती म्हणाली. राग होता, पण तो गाठीवर काढून झाला होता. "आणि हे मला सांगायला आलात ते कशाला? बोलला नसतात तर मला कळलं असतं का?"

"पावसात कललं असतं."

ती पदराने तोंड पुसून बाहेर आली. दळणाचा एक रिकामा डबा उचलला, रस्त्याच्या मधोमध, येऊन उभ्या असलेल्या डांबर पसरणाऱ्या यंत्रापुढे पालथा घातला आणि त्यावर बसली. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. जणू लोकांचं दळण होईतो बाकड्यावर टेकलीय.

"मावशी, असं नका करू," यतीन म्हणाला. "माल आला."

"येऊ दे ना. मी कुठे नको म्हणतेय? वरच्या टोकापासून टाका. इकडे याल तोवर हा माणूस खडी काढेल."

"आम्ही नेहमी खालून वर जातो."

"मग आज वरून खाली या. रस्ता काय रुसणार आहे?"

यतीनने फोन लावला, बाजूला जाऊन बोलला, दोनदा 'सर' म्हणाला. परत येऊन त्याने यंत्रवाल्याला हात केला आणि यंत्र वरच्या टोकाकडे वळलं.

रामनाथ गटारात उतरला. घमेलं, फावडं आणि चिरलेला बांबू एवढंच सामान. वर झाडूवाले उभे राहून घमेली झेलत होते, आणि त्यांच्यात आज चेष्टा नव्हती. गुडघाभर काळ्या पाण्यात तो खडी उपसत होता. बापाच्या जाळ्याने जे धरायचं होतं ते आता हाताने काढायचं, एवढंच. वरून गरम डांबराचा वास जवळ जवळ येत होता. शेवटचं घमेलं वर गेलं तेव्हा यंत्र गिरणीच्या अलीकडे, पंढरीनाथ जोशींच्या बिल्डिंगपाशी पोचलं होतं.

"झालं," यतीन म्हणाला. "आता उठा, मावशी."

"मला पाणी जाताना दाखवा."

रोलरसाठी पाण्याचा टँकर उभा होताच. त्याची नळी गटारात सोडली. पाणी आत गेलं, वर चढलं आणि तिथेच थांबलं. हलेना. सगळे रामनाथकडे बघू लागले. रामनाथने पाण्याकडे पाहिलं, मग खाडीच्या दिशेला, जिकडे काहीच दिसत नव्हतं.

"भरती हाय," तो म्हणाला. "खाडी वर आलीय. नाला भरलेला असनार. ओहोटी लागू द्या."

"काका, हे आता..." यतीन म्हणाला.

"बहाणा असेल तर?" शेवंतीने विचारलं.

"असंल तर मी परत उतरीन."

मग थांबणं आलं. चहा आला. डांबराचं यंत्र घरघरत उभं राहिलं, यतीन घड्याळाकडे आणि शेवंती पाण्याकडे बघत होती. रामनाथ तिच्या शेजारी खाली बसला. एवढा वेळ कामात गेला होता, आता विचाराला जागा झाली. आपण शब्द कसला दिला होता? पाणी येणार नाही असा. पण पाणी कधी आपलं होतं? बाप रोज खाडीत जायचा, पण मासळी आणीन असं घरी कधी म्हणाला नाही. जाळं लावून येतो, एवढंच म्हणायचा.

आधी पाण्यावरचा एक कागद हलला. मग फेसाची रेघ भिंतीवरून बोटभर खाली आली. मग गटाराने घशातून आवाज काढला, आणि पाणी निघालं, आधी विचार करत, नंतर भराभर. तळ दिसला. ईश्वरने रोलरवरून हॉर्न वाजवला.

शेवंती उठली. डबा काखेत घेतला, पण गेली नाही.

"भाऊ, मुसळधार पाऊस आणि भरती एकदम आली तर? खडी नसली तरी?"

झाडूवाले, यतीन, सगळे तिथेच होते. हो म्हणून टाकणं फार सोपं होतं.

"तर पानी थांबंल," रामनाथ म्हणाला. "ओहोटीपातूर. मंग जाईल, कारन वाट मोकली हाय. गाठ बदलीन, खडी आत जानार न्हाय, एवढं माझ्याकडं. त्या दिवशी जास्त बोललो."

ती त्याच्याकडे बघत होती. गव्हाचं जाड पीठ चिमटीत घेऊन बघावं तशी.

"म्हणजे पाणी आलं तरी बसून राहणार नाही."

"बसनार न्हाय."

"मग शटर ओढायचं कारण नाही. मोटर तेवढी उंच ठेवली पाहिजे." ती वळली. "या आत. आणि त्या इंजिनीअरलाही घ्या, नुसता फोन धरून हात आखडले असतील त्याचे."

यतीनने फोन खिशात टाकला. ईश्वर रोलरवरून उतरला. गिरणीच्या मागच्या भिंतीशी शेवंतीने सिमेंटचे ठोकळे एकावर एक रचले, पायाने दाबून पाहिले, एक काढून पुन्हा सरळ लावला. तिघांनी मोटरच्या खाली हात घातले.

"हळू," ती म्हणाली. "पट्टा सरळ बसला पाहिजे. उद्या सकाळी दळणं आहेत."