पंचआत्याचा शब्द

भांडण मिटवायला गेली की पंचआत्या आधी पाणी मागायची, तेही ज्याची चूक जास्त त्याच्याच घरचं. तो माणूस कितीही फणफणत असला तरी आत जाऊन तांब्या भरून आणायचाच. आत्या सावकाश पाणी प्यायची, पदरानं ओठ टिपायची आणि म्हणायची, “हां, बोल आता.” मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, “ज्याला आपल्या हातानं पाणी दिलं त्याच्यावर लगेच वरडता येत न्हाई माणसाला.” पुढं आत्यानं पाणी कुठं मागितलं यावरूनच जिंतूरची माणसं चूक कुणाची ते ओळखू लागली. तेव्हा तिची पंचाईत झाली आणि ती दोन्ही घरी पाणी पिऊ लागली.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. तिच्या यजमानांचं कापडाचं दुकान होतं, पण त्यांना ओळखायचे ते ‘पंचआत्याचे मालक’ म्हणून. सोयरीक जुळवणं असो की भावाभावांतली वाटणी, बोलावणं तिलाच. तिचा एकच नियम होता: “दोघांचंबी थोडं थोडं दुखलं पायजे. एकाचंच दुखलं तर त्याला मिटवणं म्हणत न्हाईत, दाबणं म्हणतेत.” एकदा लग्न मुलीच्या गावी, चारठाण्याला करायचं की मुलाच्या गावी, जिंतूरला, यावरून दोन व्याही इरेला पेटले. आत्यानं निकाल दिला, अक्षता चारठाण्याला आणि जेवण जिंतूरला. भर उन्हात उपाशी वऱ्हाड टेम्पोत बसून आलं. दोन्हीकडची माणसं एकाच पंगतीत बसून आत्याच्या नावानं बोटं मोडत जेवली आणि बोटं मोडता मोडता एक झाली.

मी तिच्या अगदी उलट. नाकावर राग. मी कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं आणि परराष्ट्र व्यवहाराच्या गोष्टी करू लागले, तेव्हा बाबा हसून लोटपोट झाले. “ही तिथं गेली तर दोन महिन्यांत लढाई लागंल,” म्हणाले. आत्या मात्र हसली नाही. “भांडायला येतंय तिलाच मिटवायलाबी येतंय. ज्याला काईच न्हाई येत तो नुसता माना हलवतोय,” म्हणाली.

दिल्लीला परराष्ट्र खात्यात कॉलेजच्या मुलांना काही महिने काम शिकायला घेतात आणि वर मानधनही देतात, हे आमच्या सरांनी सांगितलं. मी मोबाईलवरच अर्ज भरला. मुलाखतही मोबाईलवरच झाली, गच्चीवर बसून, कारण रेंज तिथंच यायची. माझी निवड झाली. गल्लीत पेढे वाटावेत एवढा आनंद झाला, पण वाटले नाहीत. कारण माझं लग्न ठरलेलं होतं. सेलूचं स्थळ, चांगली माणसं, आणि सोयरीक आत्याच्याच शब्दावर पक्की झालेली. नेमक्या त्याच महिन्यांत लग्न होतं.

आता आत्या काहीतरी निम्मं-निम्मं काढणार, असं सगळ्यांनी धरलंच होतं. तिनं तसं करूनही पाहिलं. सेलूला फोन करून लग्न थोडं पुढं ढकलायला सांगितलं. लग्नाआधी मुलगी दिल्लीत एकटी राहून आलेली आम्हाला चालणार नाही, असा तिकडून सरळ निरोप आला. बाबांनीही त्यांचं एक निम्मं पुढं केलं. म्हणे, लग्न होऊ दे, मग परभणीत एखादा कोर्स लावून देऊ.

त्या संध्याकाळी आत्या घरी आली. आईनं न मागता पाणी आणलं, ते तिनं बाजूला ठेवलं. मला म्हणाली, “एवढंच सांग. जायचंय का?”

“जायचंय.”

“रडू नको. नीट सांग.”

“जायचंय, आत्या.”

ती बाबांकडं वळली. “शिवा, सरकार पैसे दिऊन पोरीला कामाला बोलवायलंय. हौसंला न्हाई जायली ती.”

“अक्का, तू शब्द दिलायस,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. ते खरोखर घाबरले होते, तिच्यासाठी. “तुझा शब्द मोडला तर या गावात तुला कोण विचारंल?”

“न्हाई विचारणार.”

“काई तरी मधलं काढ की. सगळ्यांचं काढतीस.”

“मधलं असतं तर काढलं असतं. अर्ध्या दिल्लीला गाडी जात न्हाई, शिवा.”

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन एसटीनं सेलूला निघाली. फोनवर सांगता आलं असतं, मी तसं म्हणालेही. “सोयरीक जोडायला पायानं गेलते. मोडायलाबी पायानंच जायचं. आन तुझ्यासाठी मोडायले, तर तूबी बघायला पायजेस.” दारात तिनं ‘शरणार्थ’ म्हणून हात जोडले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मुलाची आई उठून आत गेली. वडील मात्र बोलत राहिले. “तुमच्या शब्दावर आमी आलेली स्थळं परत धाडली. पावण्यारावळ्यांत सांगून बसलो. आता कोणत्या तोंडानं फिरायचं?” आत्या मधून मधून फक्त “खरंय” म्हणत होती. मी तोंड उघडायला गेले तर तिनं माझं मनगट असं दाबलं की कळ डोक्यात गेली. शेवटी म्हणाली, “चूक माझी हाय. पोरीला बोल लावू नका.”

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. अर्धा रस्ता सरल्यावर म्हणाली, “तिकडं गेल्यावर ध्यानात ठेव. आपल्याकडून चुकलं असंल तर उभं राहून ऐकायचं. कारणं सांगत बसायचं न्हाई.” दिल्लीत माझ्या टिपणात एकदा मोठी गफलत झाली आणि आमच्या विभागाच्या बाई सगळ्यांसमोर मला बोलल्या, तेव्हा मी उभं राहून ऐकलं. मनगट आपोआप दुखायला लागलं होतं. त्याच बाईंनी निघताना मला चांगला शेरा दिला आणि पुढचं शिक्षण दिल्लीतच करायचा माझा निश्चय पक्का झाला.

इकडं बाबा म्हणाले होते तसंच झालं. आत्याला बोलावणी येईनाशी झाली. मी सुट्टीला आले की ती ओट्यावर बसलेली असायची. एकदा शेजारच्या गल्लीतून भांडणाचा आवाज येत होता. मी म्हटलं, “जा ना, आत्या.” म्हणाली, “बोलावणं न्हाई. बिनबोलावता गेलं की आपूनबी भांडणातलेच.” मग मलाच जवळ बसवून दिल्लीचं विचारू लागली: कोणत्या देशाचा माणूस कसा बोलतो, रुसलेल्याला आधी कोण फोन करतं. पश्चात्ताप होतो का, असं मी तिला कधीच विचारलं नाही. एकदा तिनंच सांगितलं, “मला पुन्हा इचारलं तरी मी तेच करीन. फकस्त सेलूच्या त्या माउलीला भेटायचं राहिलं. ती आत गेली ती बाहेर आलीच न्हाई.” गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. मला पोचायला उशीर झाला. आमच्या रीतीप्रमाणं तिला मातीत समाधी दिली तेव्हा मी गाडीतच होते. ते अजून सलतं.

आता मी दिल्लीत एका संस्थेत शेजारी देशांच्या पाणीवाटपावर काम करते. या दिवाळीत घरी आले तर आमच्या चुलत घरातले दोन भाऊ समोरासमोर येईनासे झालेले. दुकानाच्या वाटणीवरून त्यांचं तीन वर्षं धुमसतंय. ते दोघं सोडून फराळाला सगळे जमले होते. थोरले काका सुस्कारा टाकून म्हणाले, “आज पंचआत्या असती तर कवाच मिटलं असतं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी डोळ्यांना पदर लावला.

मी चिवड्याची ताटली खाली ठेवली.

“हे भांडण सुरू झालं तेव्हा आत्या होती, काका. दोन गल्ल्या पलीकडं, ओट्यावरच बसलेली असायची. बोलवायला कुणी गेलं नाही.”