फटाक्यांचा चातुर्मास

चातुर्मासात आम्ही आळीतल्या बायका दुपारी वाती वळायला बसतो. लाख वातींचा संकल्प असतो. वाती किती झाल्या ते देवाला माहीत, पण किस्से केव्हाच लाखाच्या वर गेले असतील! कापूस संपतो, बोलणं संपत नाही. त्यात यंदा विषयच असा निघाला की माणसांपेक्षा जनावरांचेच किस्से जास्त झाले. म्हटलं, सांगून टाकावेत. पुढच्या आषाढीपर्यंत नवे येतील आणि हे बिचारे त्यांच्याखाली दबून जातील.

आधी एक गोष्ट सांगते, ती मात्र हसण्याची नाही.

विंझरला आमच्या खालच्या आळीत, आमच्या भिंतीला लागून शेवंताकाकूंचा गोठा आहे. काकू एकट्या. लेकी सासरी गेल्या. दिवसभर त्या बोलतात ते कपिलेशी, म्हणजे त्यांच्या गाईशी. मागच्या दिवाळीत कुणीतरी गोठ्याजवळ सुतळी बॉम्ब लावला. गाभण कपिला दावं तोडून पळाली, ओढ्याकडच्या चरात पडली आणि वासरू गेलं. काकूंनी कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. फक्त पाडव्याला त्यांच्या दारात रांगोळी नव्हती.

यंदा कपिला पुन्हा गाभण राहिली. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "दिवाळीच्या मागंपुढं व्याईल." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी देवाकडे बघितलं.

*

आषाढी एकादशीला संध्याकाळी मारुतीच्या देवळात आळी जमते आणि चातुर्मासात कोण काय सोडणार ते जो तो देवासमोर सांगतो. कुणी वांगं सोडतं, कुणी चहा. आमचे चुलतदीर बबनभाऊजी दरवर्षी कारलं सोडतात. त्यांना कारलं मुळातच आवडत नाही!

आळीतल्या फटाक्यांचे मुख्य म्हणजे हेच भाऊजी. मी म्हटलं, "भाऊजी, आवडीचं सोडलं तर तो नेम. नावडतं सोडणं म्हणजे नुसती सुटका."

"मग तुमीच सांगा वहिनी, काय सोडू?"

"फटाके सोडा."

बाहेर धो धो पाऊस, खाचरात भातलावणी चाललेली. फटाके कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते! भाऊजींनी छाती पुढे काढून मारुतीला हात जोडले. "सोडले! तुळशीच्या लग्नाच्या अक्षता पडेस्तवर सोडले!" त्यांचं बघून आळीतल्या झाडून सगळ्या पुरुषांनी सोडले. फुकटचं पुण्य कोण सोडतो?

भाऊजी घरी येऊन फराळाला बसले. त्यांची बायको, म्हणजे आमची सुरेखा जाऊबाई, भगर वाढता वाढता म्हणाली, "अवो, दिवाळी चातुर्मासातच येती न्हवं?"

भाऊजींचा हात ताटातच थांबला.

"आरं तिच्या! मग मारुतीनं सांगायचं न्हाई व्हय?"

*

खालच्या आळीचा नेम झाला, पण वरच्या आळीचा झाला नव्हता. गणपतीत त्यांच्याकडे पहिली माळ लागली आणि आमचा मोत्या जो पळाला तो घरभर फिरून देव्हाऱ्याखाली जाऊन बसला. थेट सोवळ्यात! अंगाची नुसती थरथर, वरच्या देवांच्या घंटेतूनसुद्धा किणकिण ऐकू यायला लागली.

मी पुण्याच्या भाचीला फोन लावला. तिच्या फ्लॅटमध्ये दोन कुत्री आहेत, म्हणून तिला यातलं कळतं. ती म्हणाली, "मावशी, त्याला तिथून ओढू नकोस. त्याला सेफ वाटतंय ना, तीच त्याची जागा. खिडकी लाव, रेडिओ चालू ठेव आणि तू स्वतः घाबरू नकोस."

सगळं पटलं, पण सासूबाईंना कोण सांगणार? त्या जपाची माळ घेऊन आल्या, पाटावर बसल्या, हात जोडले, तर समोर देव्हाऱ्याखालून दोन डोळे!

"सूनबाई, ह्यो कंचा देव बशिवलास?"

मी घाबरत म्हटलं, "आई, तो शरण आलाय."

सासूबाईंनी जरा विचार केला. मग पाट एक हात मागे सरकवला आणि जप सुरू केला. आरती झाल्यावर आधी देवांना नैवेद्य दाखवला, मग वाकून खाली पेढा सरकवला. म्हणाल्या, "ह्यो निदान समोर खातो तरी!"

*

भाचीनंच आणखी एक युक्ती सांगितली. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावायचा आणि त्याच वेळी जनावराला आवडीचं खायला द्यायचं. मग रोज थोडा थोडा आवाज वाढवायचा. हळूहळू भीती जाते.

हे सुरेखानं ऐकलं आणि तिनं ते शेळ्यांवर सुरू केलं. रोज संध्याकाळी मोबाईलमध्ये "फट् फट्" आणि दावणीत भाकरीचे तुकडे. शेळ्या आधी दचकायच्या, मग कान टवकारायला लागल्या. पुढे पुढे तर मोबाईल दिसला तरी जिभल्या चाटायच्या. सुरेखा खूश! "ताई, माज्या शेळ्या आता भारी धीट झाल्यात!"

विसर्जनाच्या दिवशी वरच्या आळीची मिरवणूक आमच्यावरून निघाली. पुढे ढोल, मागे टेम्पोत गणपती. त्यांनी चौकात माळ लावली मात्र, सुरेखाच्या सगळ्या शेळ्या कुंपण ओलांडून फटाक्यांच्या दिशेनं धावत सुटल्या! लोक फटाक्यांपासून लांब पळतायत आणि शेळ्या फटाक्यांकडे! टेम्पो अडवून उभ्या राहिल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, तर त्यांना वाटलं आणखी भाकरी येणार! भाकरी काही येईना, तेव्हा एकीनं टेम्पोचा हार खाल्ला.

ड्रायव्हर ओरडला, "वहिनी, काय चाल्लंय ह्ये?"

सुरेखा शांतपणे म्हणाली, "तुमी आवाज केलाय, आता भाकरी टाका."

*

दिवाळी आली तशी बबनभाऊजींची तळमळ बघवेना. वसुबारसेला आम्ही बायकांनी कपिलेची पूजा केली. तिचं पोट चांगलंच खाली आलं होतं. काकू तिच्या कपाळाला हळद लावताना नुसत्या पुटपुटत होत्या. भाऊजी लांबून बघत होते. पूजा झाल्यावर माझ्याजवळ आले.

"वहिनी, एक इचारू? उपासाला साबुदाणा चालतो न्हवं?"

"चालतो."

"वरई चालती, बटाटा चालतो."

"चालतो की."

"मंग नेमालाबी कायतरी चालत आसंल! ही फुलबाजी... म्हंजे फटाक्यातली वरईच की!"

मला हसू आवरेना. फुलबाजीला आवाज नाही, गाय बिचकत नाही. मी म्हटलं, "फुलबाजी चालेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "वहिनी, भुईचक्र?"

"चालेल, पण गोठ्यापासून लांब."

तिसऱ्या दिवशी आले आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "आन् लवंगी?"

"भाऊजी, लवंगी म्हणजे कांदा!"

*

लक्ष्मीपूजनाला खाली शांतता, पण वरच्या आळीचा धडाका चालूच. काकूंच्या गोठ्याला मोठ्या फटी होत्या, त्यांतून आवाजही यायचा आणि उजेडही. आमच्या ह्यांना दया आली. ह्यांनी दुपारी पोत्यात पेंढा भरून फटी बुजवल्या, झडपेला गोधडी लावली, दारावर बारदान टाकलं. कपिलेला आत बांधलं.

संध्याकाळी पूजेची वेळ झाली तर हे कुठंच नाहीत! पाटावर लक्ष्मी मांडलेली, निरांजन लावलेलं आणि घरधनी गायब. मी परसात बघितलं, पोरांनी चौकात बघितलं, भाऊजी मोटारसायकल काढून फाट्यापर्यंत जाऊन आले. फोन लावला तर फोन घरातच वाजला!

शेवटी काकू कपिलेला पाणी दाखवायला गेल्या आणि बारदान बाजूला करून मला हाक मारली. मी जाऊन बघते तर कपिला निवांत रवंथ करतेय आणि तिच्या शेजारी पेंढ्यावर हे घोरतायत! बाहेर वरच्या आळीचे बॉम्ब फुटतायत आणि दोघांनाही पत्ता नाही.

काकू म्हणाल्या, "जागा झ्याक झाली बरं का. गाईचं माईत न्हाई, तुजं मालक तर पार निर्धास्त झालं!"

*

दिवाळी गेली, कपिला व्याली नाही. वाटलं, आता धोका टळला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की नेम सुटायचा दिवस तर पुढेच आहे!

तुळशीचं लग्न आमच्या अंगणात लागतं आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे काकूंचा गोठा. सगळ्या आळीचे राहिलेले फटाके भाऊजींनी जमवले होते. वर भोरच्या बाजारातून नवी माळ आणली होती, तुळशीवृंदावनापासून पार फाटकापर्यंत लांब. त्यांचे भोरचे मेव्हणे, म्हणजे सुरेखाचे भाऊ, व्हिडिओ काढायला मुद्दाम आले होते.

मी म्हटलं, "भाऊजी, माळ जरा लांब माळावर नेऊन लावा ना."

"वहिनी, तुळशीच्या लग्नापतुर नेम धरला, तो तुळशीपुढंच सोडायचा. 'फटाके सोडा' ह्ये तुमीच म्हनला हुता. म्या शबूद पाळला. आता शेवटच्या अक्षता पडल्या की मी मोकळा!"

शब्द माझाच होता.

गोरज वेळेला गुरुजी स्कूटरवरून आले. त्यांना पुढे आणखी लग्नं लावायची होती. अंतरपाट ह्यांनी आणि मेव्हण्यांनी धरला. भाऊजी माळेच्या टोकाशी उदबत्ती घेऊन उभे. एवढ्यात काकू भिंतीपाशी आल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "पाय दिसाया लागल्यात. कुणाला सांगू नगंस, नजर लागती." आणि गेल्या.

विताना गाय बिचकली तर? सांगायची सोय नाही, थांबवायची सोय नाही. गुरुजी मंगलाष्टकं भराभरा म्हणत होते. शेवटचं झालं, अक्षतांसाठी हात वर गेले.

"गुरुजी, अजून एक!" मी म्हटलं.

"संपली हो ताई."

"तुमची संपली. आमची आहेत!"

तुळशीमाते, तूच सुचव, असं म्हणून मी सुरू केलं:

"नीरा वेळवंडी कानंदी, गुंजवणी गे माउली,
आमुच्या तुळशीवरी राहो, तुझ्या काठची साउली..."

नद्या संपल्या तेव्हा मी गड घेतले. राजगड झाला, तोरणा झाला. दम संपला तेव्हा सुरेखाला कोपरानं ढोसलं. तिला काही माहीत नव्हतं, पण नवऱ्याला बोलायची संधी ती कशाला सोडेल!

"एका हाती उदबत्ती, दुज्या हाती धरी मिशी,
काम सांगता घरीचे, तोंड फिरे दुसऱ्या दिशी..."

मग सासूबाईंनी चिंचा, आवळे, बोरं, ऊस असं करत सगळी बाजारपेठ गायली. अक्षता संपल्या, पोरांनी खालच्याच वेचून परत वाटल्या. गुरुजी फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हो हो, निघतोच. इथं वधूपक्ष जरा उत्साही आहे!" ह्यांचे हात भरून आले आणि अंतरपाट खाली आला.

मेव्हणे ओरडले, "आवो, बघितलं की त्यांनी एकमेकांना!"

सासूबाई म्हणाल्या, "बघू द्या. जुनीच वळख हाय त्येंची."

भाऊजींची उदबत्ती बोटापर्यंत जळली. त्यांनी दुसरी लावली. "वहिनी, ह्ये लगीन हाय का पारायण?"

तेवढ्यात भिंतीवर काकूंचा चेहरा दिसला. घामानं भिजलेला. त्यांनी ओले हात जोडले. मी काय ते ओळखलं. मोठ्यानं म्हणाले, "शुभमंगल सावधान!"

अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या. भाऊजी उदबत्ती घेऊन वाकले. आणि भिंतीपलीकडून बारीक, कोवळा आवाज आला, "म्हँ..."

भाऊजी वाकलेलेच राहिले. मान वळवून त्यांनी काकूंकडे बघितलं.

"कालवड झाली रं बबन," काकू म्हणाल्या.

सगळं अंगण भिंतीकडे वळलं. मेव्हणे तेवढे मोबाईल धरून तयारीत. "दाजी, लावा की! व्हिडिओ चालू हाय!"

भाऊजी सरळ उभे राहिले. उदबत्ती तुळशीपुढे खोवली. तोंडावर बोट ठेवून मेव्हण्यांना म्हणाले, "श्श! लगीन कुठं झालंय? वरपक्षाचं म्हनायचं ऱ्हायलंय."

आणि डोळे मिटून, आवाज होईल तितका बारीक करून त्यांनी सुरू केलं:

"आली कालवड गोठ्यात, करू नका गलबला,
माळ घाला ती चुलीत..."

"आवो, चुलीत नगं!" सुरेखा किंचाळली. "बादलीत! बादलीत घाला!"