भिंतीआडच्या शहरातलं ताट

ऐंशी साल उलटून गेलं होतं, मी वर्ध्याच्या एका शाळेत शिकवत होते, आणि आपण मुलांसाठी एक भयंकर कादंबरी लिहावी असं माझ्या मनाने घेतलं होतं. पऱ्या आणि राजपुत्रांना माझा वर्ग विटला होता. त्यांना घाम फुटेल असं काहीतरी द्यायचं, म्हणून मी पुढच्या शतकातलं एक शहर रचलं. भोवती उंच भिंत. पहाटे घंटा झाली की सगळ्यांनी उठायचं. कपडे सगळ्यांचे सारखे, पांढरे. जेवण एकाच पंगतीत, तेही उकडलेला भोपळा आणि बिनतिखटाची भाजी. आपलं ताट आपणच घासायचं, संडास पाळीपाळीने साफ करायचे. शेवटी नायिका भिंत चढून पळून जाते.

प्रकाशकाकडे पाठवण्याआधी ती कुणाला तरी वाचून दाखवायची होती. पहिलंच पुस्तक. शाळा सुटल्यावरच्या दोन वर्षांच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या, आणि हे फसलं तर पुन्हा लिहायचं नाव काढायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. नालवाडीच्या आमच्या घरात ऐकायला मोकळं माणूस एकच, माझी आत्या. अल्लीपूरच्या शेतकरी घरातली ही मुलगी तरुणपणी आमच्याच भागातल्या एका आश्रमात राहायला गेली आणि उमेदीची सगळी वर्षं तिथे रमली. आता गुडघे दुखतात म्हणून ती आमच्याकडे होती आणि घरादाराला शिस्त लावत होती.

अंगणात कडुलिंबाखाली खाट टाकून मी वाचायला लागले. आत्या टकळीवर सूत काढत होती. घंटेपाशी तिने मान डोलावली. पांढऱ्या कपड्यांपाशी हसली. भोपळ्यापाशी तिने टकळी खाली ठेवली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नरक रचायला बसले होते मी, आणि सामान सगळं आत्याच्या आश्रमातून उचलून आणलं होतं. मुलांना फुटायचा तो घाम मलाच फुटला. आता ही बाई दुखावणार म्हणून मी थांबले, तर ती म्हणाली, थांबते कशाला, माहेरी जाऊन आल्यासारखं वाटतंय.

वाचून झाल्यावर भाजी निवडावी तसे तिने गुणदोष निवडून ठेवले. मुलीचं बोलणं छान उतरलंय. तिची चिंच लपवून खायची खोड अगदी खरी. शहर तर फारच चांगलं, बायांच्या मागे चूल नाही, कोणी उपाशी नाही, कामाची पाळी कुणालाच टळत नाही. मला रडायचंच बाकी होतं. मग तिने विचारलं,

"पन थे पोरगी पयते काऊन?"

भोपळ्याला कंटाळून पळते, असं काहीतरी मी पुटपुटले.

"कंटायली तं मीबी होती. फाटकाले कडी नोती. उठली अन् अल्लीपूरले गेली, झुनका खाल्ला, चार दिवसानं वापस आली. माह्या नावाचं ताट रोज मांडून ठेवत होते."

मी चिडले. दोन-तीन दिवस तिच्याशी धड बोललेही नाही. पण ते ताट काही डोक्यातून जाईना, आणि हळूहळू चूक दिसायला लागली. घंटेत भीती नव्हती, भोपळ्यात तर नव्हतीच. गेलेल्या माणसाचं ते शहर काय करतं, हे मी लिहिलंच नव्हतं. मग घंटा, कपडे, भोपळा सगळं जागच्या जागी ठेवलं आणि मध्ये एक प्रकरण नवं घातलं. नायिकेची मैत्रीण एक दिवस पंगतीत नसते. तिचं ताटही नसतं. दोन्हीकडची माणसं जरा सरकून बसतात, जागा भरते, आणि वाढप चालू राहतं.

आत्याला तेवढंच वाचून दाखवलं. टकळी थांबली.

"तिचं ताट काऊन उचललं?"

मी म्हटलं, तिथे तसंच करतात आणि कोणी विचारत नाही. आत्याचा चेहरा उतरला. आणि खरं सांगते, मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पानं सारखी करत बसले. कादंबरी जमली होती.

"मंग पयू दे तिले," आत्या म्हणाली. "नाईतं उद्या तिचंबी उचलतीन." आणि त्या गेलेल्या मैत्रिणीसाठी कुठेतरी एक ताट मांड, असं तिने मला बजावलं. मी पुष्कळ वाद घातला. शेवटी लिहिलं, कारण मी ते लिहीपर्यंत तिने पिच्छा सोडला नसता.

पुस्तक निघालं, मुलांनी वाचलं, काही घाबरलीदेखील. एका परीक्षणात भाषेची तारीफ होती, शहर डोळ्यांपुढे उभं राहतं असं होतं, आणि शेवटाला मात्र झोडपलं होतं. भिंतीबाहेर पोचलेली नायिका झाडाखाली जेवायला बसते आणि नाहीशा झालेल्या मैत्रिणीचं ताट समोर मांडते, हा निव्वळ भाबडेपणा आहे, असं परीक्षणकाराचं म्हणणं. दोष खरा आहे. मलाही तो पहिल्यापासून दिसत होता.

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकांनी विचारलं, शेवट बदलायचा का? तोवर आत्या गेली होती. मी ते ताट उचललं नाही.