विहारात दिलेला शब्द

चार माणसांत बोलायला उभी राहिले की मला थांबता येत नाही. सौसरच्या शाळेत इतकी वर्षं शिकवून लागलेली ही खोड आहे. गेल्या पावसाळ्यात पांढुर्ण्याला, आमच्या वस्तीतल्या विहारात मी अशीच उभी राहिले आणि भोगावं लागलं ते माझ्या आईवडिलांना.

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले धम्मवाचनाचे महिने, चालू होता. संध्याकाळी वंदना झाली की थोडं ग्रंथवाचन व्हायचं आणि मग माणसं गप्पा मारत बसायची. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या मोबाईलवर एकच निरोप फिरत होता, की बाहेरच्या देशांचा माल घेणं बंद करा. मी तो वाचला आणि पेटले. घरातली बॅटरी, थर्मास, भाजी कापायचं यंत्र, सगळं उलटंपालटं करून कुठे बनलं ते वाचून काढलं. मग विहारात विषय काढला.

वाद रंगला. वस्तीतले शिंपीकाका म्हणाले, "म्याडम, माह्या मशीनची सुई बाहेरची आहे. मंग काय दातानं शिवू?" सगळे हसले. एकाने मूर्तीकडे बोट केलं, ती तर थायलंडहून आलेली. शेवटी ठरलं की ते दान आहे, आपण विकत घेतलेलं नाही, म्हणून चालतं. संत्र्याच्या तोडणीला जाणारी एक मावशी मागून म्हणाली, "आपला संत्रा बी तं बाहेर जाते ना वं? त्यायनं बी असंच ठरवलं तं आमाले काम कोन देईन?" खरं तर सगळ्या सभेत विचार करण्यासारखं तेवढंच कोणी बोललं होतं. मी तिला "मावशी, देशाचं पाहा आधी" म्हणून गप्प केलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग मी सगळ्यांना उजवा हात वर करायला लावला. मी एकेक वाक्य सांगितलं आणि लोक माझ्यामागून म्हणाले. परदेशी वस्तू विकत घेणार नाही, घरात वापरणार नाही. बाबा पहिल्या ओळीत बसले होते. त्यांचाही हात वर होता.

बाबा नगरपालिकेत नळाच्या पाण्याचं काम करून निवृत्त झालेले. कमी बोलणारा माणूस. तरुणपणी त्यांनी एकदा विहारात हात वर करून तंबाखू सोडली होती आणि त्यानंतर चिमूटभरही तोंडात घातली नाही. बाकीच्यांसाठी त्या संध्याकाळची शपथ म्हणजे मॅडमचा उत्साह होता. आठवड्याभरात तिचं "जमेल तेवढं" झालं, माझ्याकडूनही. बाबांसाठी मात्र विहारात दिलेला शब्द काळ्या दगडावरची रेघ होता, आणि हे त्यांच्या पोटच्या पोरीला माहीत असायला हवं होतं.

त्याच रात्री जेवताना त्यांनी कानातली ऐकायची मशीन काढून माझ्या हातात दिली. "काय लिहून आहे पाह्य बरं हिच्यावर?" मी डबी आणली, चष्मा लावला आणि देशाचं नाव मोठ्याने वाचलं. वर चिडवलंही, "बाबा, तुमचा कान तर परदेशी निघाला!" तेही हसले. दुसऱ्या दिवसापासून मशीन डबीत होती.

पहिले दोन दिवस मला वाटलं, सेल संपला असेल.

ही मशीन मी तीन वर्षांपूर्वी आणली होती, आणि ती खरं तर आईसाठी आणली होती. बाबांना पूर्वीपासून कमी ऐकू यायचं, पण आईचा आवाज खणखणीत होता, त्यामुळे संसार निभला. मग तिला दम लागायला लागला. दोन शब्द बोलली की श्वास घ्यावा लागे, आवाज चढवणं तर दूरच. घरात दोघंच दिवसभर, आणि दोघांत बोलणं नाही. मशीन कानात बसली त्या दिवशी बाबा आईकडे वळून म्हणाले, "अवो, बोलून राहिली का तू? मले वाटलं, रुसली." आई इतकी हसली की तिला दम लागला. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की बाबा तिच्या खाटेजवळ खुर्ची ओढत. ती हळूहळू बोलायची, माहेरच्या मोहगावचं, कुणाच्या लग्नातलं, कधी नुसतं भाजीत मीठ जास्त झाल्याचं. मी शाळेतून येईपर्यंत त्यांचं चाललेलं असायचं.

मशीन डबीत गेल्यावरही बाबा खुर्ची ओढून बसत. तिच्या ओठांकडे बघत आणि मान हलवत, पुष्कळदा भलत्याच ठिकाणी. आईला सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणजे चिठ्ठीचीही सोय नव्हती. मी बाबांवर ओरडले, ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. म्हटलं, औषधाला आणि मशीनला सूट असते. ते शांतपणे म्हणाले, "तवा नाही सांगतलं तुनं." म्हटलं, मग आता सांगते. म्हणाले, "शपथ झाल्यावर सूट काढत असतेत का?" विहारातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला मी समजूत घालायला घरी आणलं. त्यांनी अर्धा तास समजावलं. बाबा आदराने हसत होते. जाताना दोघांनी एकमेकांना जयभीम केला आणि मग बाबांनी मला विचारलं, "काय म्हणत होते?"

आई मात्र माझीच समजूत काढायची. "तमाखू सोडली तवा बी... असेच तोंड फुगवून होते... आठ दिवस. येतीन ठिकानावर." पण आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. तिचा दम वाढत होता. मला राग यायचा, बाबांचा, आणि त्याहून जास्त माझा, म्हणून मी बाबांवरच जास्त ओरडायची.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाडीने नागपूरला गेले. आपल्या देशात बनलेली कानाची मशीन द्या, म्हटलं. दुकानदाराने एक काढून दाखवली. चौकशा केल्या तेव्हा म्हणाला, "ताई, जोडणी इथली आहे, आतलं सामान बाहेरचं." वरचं नाव आपल्या देशाचं होतं. मला तेवढं पुरे होतं. बाबांशी खोटं बोलायचं मी तिथेच ठरवलं, आणि परतीच्या गाडीत किती तरी दिवसांनी मला हलकं वाटत होतं.

चार वाजता घरी पोचले तर दारात चपला होत्या. आई गेली होती. बाबा खुर्चीत होते आणि तिचा हात त्यांच्या हातात होता. शेजारीण भांडं परत द्यायला आली, तिला कळलं. बाबांना तिनेच खुणेने सांगितलं.

नवी मशीन आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या कानात घातली. आपल्याच देशातली आहे, सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर ते नेहमीच विश्वास ठेवत आले. दिवसभर माणसं आली, दोन शब्द बोलून गेली आणि बाबांनी प्रत्येकाचं नीट ऐकून घेतलं.

संध्याकाळी घरात आम्ही दोघंच उरलो तेव्हा ते म्हणाले, "त्या दिवशी लय बोलली तुही माय. चहा बी नाही घेतला, बोलतच राहिली. एकदा हसली बी. मी हव हव म्हणत राहिलो."

पाणी मागितलं असेल का तिने? पोरीला बोलवा म्हणाली असेल? की मोहगावचंच काही सांगत होती? आईचं शेवटचं बोलणं एका माणसासमोर झालं आणि त्याचे कान मी बंद केले होते.

"काय म्हणत असन वं?" बाबांनी विचारलं. मग मशीन नीट बसली आहे ना, ते बोटाने चाचपलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिले.