कडक उन्हाचा अंदाज

उंब्रजच्या चौकातला पंक्चरवाला दर सोमवारी आठवड्याचं हवामान सांगतो. तो हमखास चुकतो, म्हणून सगळे त्याच्या उलट वागतात.

परवा चौकामागच्या मैदानात गावाची शिजवलेली हळद वाळत होती. भिजली की ती काळी पडते आणि वर्षाची मेहनत जाते. टायरची ट्यूब पाण्यात बुडवत तो म्हणाला, "आठवडाभर कडक ऊन. थेंब न्हाई. लिहून घ्या."

"पळा रं, पाऊस आला!" म्हणत लोकांनी हळद झाकली. तासाभरात वळीव कोसळला.

"परत चुकलास की, गड्या!"

"व्हय, लय चुकलो," तो म्हणाला.

अंदाज सांगण्याआधी त्याला स्वतःच्या हवेच्या पंपावर ताडपत्री बांधताना मी पाहिलं होतं.