धरलेली बरणी

"खाली ठेवू नकोस! आहेस तिथंच उभी राहा!"

वहिनी ओरडल्या आणि मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले. दोन्ही हातांत लोणच्याची बरणी. चिनीमातीची, जड, गळ्यापर्यंत भरलेली. पायाखालची फरशी पोळत होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन.

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं, पण कोल्हापुरात अजून संस्थानच होतं. आम्ही महार. माझी आई एका वकिलांच्या घरी, म्हणजे या वहिनींच्या घरी, गोठा झाडायची, शेण काढायची. मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. त्या घरच्या उरल्यासुरल्या अन्नावर आमची रात्रीची जेवणं व्हायची. आई वाटेत रोज बजावायची, "कशाला हात लावू नगंस. हे घर सुटलं तर खायाचं काय, माती?"

मी लावत नव्हते. गोठ्याच्या उंबऱ्याशी गप बसून राहायची.

त्या दिवशी अंगणभर वाळवण पसरलं होतं. सांडगे, मिरच्या. आणि मधल्या कट्ट्यावर वर्षाच्या लोणच्याची बरणी, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून उन्हात ठेवलेली. आई शेणाची पाटी घेऊन उकिरड्याकडं गेली होती. वहिनींची मुलगी, माझ्याच वयाची, लंगडी घालत आली आणि कट्ट्याला धडकली. बरणी कलंडली. मी धावले. विचार केला असता तर बसूनच राहिले असते, तेवढं शहाणपण मला पाजलेलं होतं. पण हात आधी गेले. फरशीच्या वीतभर वर मी बरणी झेलली. टवकासुद्धा उडाला नाही.

मला वाटलं, वहिनी आता शाबास म्हणतील. खरंच वाटलं. माझ्यातल्या त्या वेड्या पोरीची मला आजही चीड येते.

बरणी वहिनींच्या सासूबाईंच्या माहेरची. मी शिवल्यावर ती टाकायची की ठेवायची, हे ठरवायची वहिनींची प्राज्ञा नव्हती. आणि सासूबाई देवघरात पूजेला बसलेल्या. पूजा होईपर्यंत त्या उठायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. कट्ट्यावर ठेवली तर कट्टा बाटणार. पाऊल उचललं तर वाळवण बाटणार. मी खाली वाकले, तर वहिनी किंचाळल्या, "अन्न आहे ते! पायाशी ठेवतेस?"

माझ्या हातून घ्यायला मात्र कुणी तयार नव्हतं.

आत घंटी वाजत राहिली. घाम डोळ्यांत उतरला. कलंडताना सांडलेल्या तेलानं बोटं निसटायला लागली. हात भरून आले. वहिनींची मुलगी पायरीवर बसून मजा बघत होती. तिनं मागच्याच आठवड्यात कंदिलाची काच फोडली होती. वहिनींनी ते शेजारणीला हसत हसत सांगितलं होतं. आमची मुलखाची धांदरट, म्हणाल्या होत्या.

आई परत आली. मला बघितलं, पाटी टाकून धावली, हात पुढं केले.

"तू नको शिवूस. एकीचा विटाळ पुरे झाला," वहिनी म्हणाल्या.

आणि आईनं हात मागं घेतले. माझ्यापासून हातभर अंतरावरून. बरणी माझ्या हातांतून घसरताना तिला दिसत होती.

"आये, घे की गं."

आई खाली बघत उभी राहिली.

बरणी सुटली. खापऱ्या, फोडी, तेल. तिखट मसाला माझ्या पायांवर. आणि वहिनींचा चेहरा एकदम मोकळा झाला. सासूबाईंना विचारायचं आता काही उरलंच नव्हतं. महाराच्या पोरीनं बरणी फोडली, संपलं.

"सासूबाई आल्या की त्यांच्यासमोर सांगायचं, माझ्या हातून फुटली म्हणून. आणि लांबूनच पाया पडायचं."

आईनं पाठीत धपाटा घातला. "म्हण की गं तेवढं. माज्या हातनं फुटली म्हण. चुकलं म्हण." तिचा आवाज चिरकला होता. तेवढं म्हटलं की घर टिकणार होतं, आमचं जेवण टिकणार होतं. मला ते पक्कं कळत होतं.

घंटी थांबली. सासूबाई दारात आल्या.

"मी धरली हुती," मी म्हणाले. "तुमी कुणी घेतली न्हाईसा."

मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. "मी फोडली न्हाय."

"उद्यापासून यायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. जायच्या आधी खापऱ्या मात्र आमच्याकडूनच उचलून घेतल्या. आईनं वेचल्या. मी हात लावला नाही.

घरी आल्यावर आईनं मला बडवलं, मग भिंतीकडं तोंड करून रडली. कितीतरी दिवस आम्ही पाणी पिऊन झोपलो. पुढं गुऱ्हाळं सुरू झाली तशी ती चिपाडं उचलायला जायला लागली. तिच्या हातांना घट्टे पडले. मला वाईट वाटतं. पण बोललेलं मी परत घेणार नाही.

वसतिगृहात राहून मी शिकले. आता मास्तरीण आहे. शिवाशिवीविरुद्ध कायदाही झालाय. मधल्या सुट्टीत शाळेतल्या बाया डबे उघडतात, लहानपणी काय काय फोडलं ते सांगतात. कुणी आरसा, कुणी वडलांचा चष्मा. हसून हसून बेजार होतात.

परवा मी घरचं लोणचं नेलं होतं. लहानशी बरणी. एका बाईंपुढं धरली.

"ठेवा की तिथं टेबलावर. घेईन मी," त्या म्हणाल्या.

"हातातनं घ्या," मी म्हणाले.

त्या हसल्या. इकडं तिकडं बघितलं. पोळीचा तुकडा मोडत राहिल्या. मी झाकण लावलं आणि बरणी घरी आणली.

उद्या पुन्हा नेणार आहे. त्यांच्यापुढं पुन्हा धरणार आहे. घ्यायची तर माझ्या हातातनं घ्यायची. टेबलावर मी ती ठेवणार नाही, आणि आता माझे हात भरून येत नाहीत.